चौरस फुटाचा भाव : शाहूपुरीच्या कोब्याचा इतिहास

कारखान्याची जमीन पक्की करून घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : चौरस फुटाला काय पडेल? एक कंत्राटदार एक आकडा सांगतो, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा दोघांच्या मधला. आणि तिघेही कामाचे नाव मात्र एकच घेतात. प्रत्येक वेळी यामागे लबाडी असते असे नाही. चौरस फूट हे लांबी-रुंदीचे माप आहे. जमीन टिकते ती खोलीवर, आणि खोलीचा रकाना कोटेशनमध्ये बहुधा नसतो. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गूळ, ओतीव लोखंड आणि पुराचे पाणी यांच्याशी जमिनीचा संबंध आला. हा धागा त्या जमिनीविषयी आणि तिच्या खऱ्या किमतीविषयी.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला तो एप्रिल १८९४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवण्यात आली. जुने कोल्हापूर अंबाबाईच्या देवळाभोवती वाढलेले. ही पेठ मात्र मालगाडीच्या डब्याकडे तोंड करून उभी राहिली. सरळ गल्ल्या, दुकानांमागे वखारी, आणि वखारींत मुख्यतः गूळ.

गुळाची वखार ही जमिनीची अवघड परीक्षा असते. गुऱ्हाळावर काहिलीतून वाफ्यात आणि वाफ्यातून साच्यात गेलेला गूळ बाजारात येतो तो रव्याच्या रूपात. कोल्हापुरी रवा परंपरेने तीस किलोचा. हमालाच्या पाठीवरून तो उतरतो, थप्पीला लागतो, पुन्हा उचलला जातो. या वजनाचे फारसे काही नाही, दगड ते सहज पेलतो. खरी अडचण पावसाळ्यात सुरू होते. गूळ हवेतले पाणी ओढून घेतो, पाझरतो, आणि तो पाक जमिनीच्या सांध्यांत उतरून आंबतो. आंबलेल्या पाकात आम्ल तयार होते आणि आम्लाला चुना आवडतो. शहाबादी फरशी हा मुळात चुनखडक आहे, त्यामुळे दिसायला कितीही सुबक असली तरी अशा ठिकाणी ती हळूहळू खरबरीत होते. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, त्या मानाने आम्लाला फारशी दाद देत नाही. त्याचा दोष एवढाच, की तो घडवायला कठीण असतो आणि घडवणाऱ्याचा घाम मागतो.

तो घाम पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने वडार समाजाने दिला. दगड फोडणे, खडी करणे, माती उपसणे ही कामे गाडी वडार, माती वडार अशा पोटशाखांच्या नावांतच कोरली गेली आहेत. या कामाची मोजणी ब्रासवर होते, आणि मालाचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यामुळे खडी फोडणाऱ्याला जमिनीची खोली नेहमीच ठाऊक होती. जमिनीवर चालणाऱ्याला मात्र तिचा पृष्ठभागच दिसत आला.

सिमेंट येण्यापूर्वी पक्की जमीन म्हणजे दगडी फरशी किंवा चुन्याचा कोबा. ‘कोबा’ हा शब्द आज सिमेंटच्या जमिनीला सर्रास लावला जातो. त्याचे मूळ घर चुन्याचे. बैलाच्या घाण्यात गोलाकार चरातून दगडी चाक फिरवून चुना आणि वाळू मळत. त्यात विटांचे तुकडे किंवा खडी मिसळून थर पसरत, आणि मग तो ठोकत. लाकडी थाप्या घेतलेल्या बाया-माणसांची रांग दिवसचे दिवस तो थर बडवत पुढे सरकायची. थापी टाकली तरी ठसा उमटेनासा झाला की काम संपले. याला आठवडाभर सहज लागे. ठोकताना वर शिंपडायच्या पाण्यात बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा आणि गूळ घालण्याची पद्धत होती. इंग्रजी अमदानीतील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या गच्चीच्या कामांतही चुन्याच्या जोडीला गूळ आणि बेल होतेच.

या कोब्यात साहित्य स्वस्त होते, वेळ मात्र अफाट लागे. तो परवडला, कारण वेळ देणाऱ्यांची मजुरी नगण्य होती. ‘पूर्वीच्या जमिनी शंभर वर्षे टिकायच्या’ हे वाक्य उच्चारताना या हिशेबाचा सोयीस्कर विसर पडतो. आजच्या किमान वेतनाने आठ दिवस थापी चालवणारी रांग उभी केली, तर चुन्याचा कोबा बहुतेक आधुनिक जमिनींपेक्षा महाग पडेल.

पुढे सिमेंट आले. जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ मध्ये. भारतात पहिला प्रयत्न मद्रासला १९०४ मध्ये झाला आणि खऱ्या अर्थाने उत्पादन सुरू झाले ते पोरबंदरला १९१४ मध्ये. अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली ती १९३६ मध्ये. या नव्या पदार्थाने वेळेचे गणितच बदलले. आठवडाभराची ठोकणी गेली आणि तिच्या जागी काही तासांची घोटणी आली.

मात्र गुळाशी त्याचे जमेना. चुन्याला बळ देणारा गूळ सिमेंटचा वैरी ठरतो. सिमेंटच्या वजनाच्या अवघी ०.०५ टक्के साखर मिसळली तरी ते घट्ट व्हायला चारेक तास उशीर होतो. पन्नास किलोच्या गोणीला हे प्रमाण पंचवीस ग्रॅम पडते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तेच शंभर ग्रॅमपर्यंत गेले, तर सिमेंट जवळजवळ जमतच नाही. घट्ट झालेल्या कोब्यावरही साखरेचा पाक सतत पडत राहिला तर तो त्यातला चुना विरघळवतो, आणि आंबल्यावर उरलेले काम आम्ल करते. घाण्यातल्या चुन्यात हाताने गूळ ओतणाऱ्या गवंड्याचे ज्ञान असे एका पिढीत उलटे झाले. कालपर्यंत जे औषध होते ते विष झाले, आणि हे सांगायला पुस्तक लागले.

सिमेंटच्या कोब्याला बांधकामाच्या कागदपत्रांत ‘आय.पी.एस.’ म्हणतात, अर्थात इंडियन पेटंट स्टोन. यात पेटंट नाही आणि दगडही नाही. कृत्रिम दगडाच्या काळातले नाव तेवढे चिकटून राहिले आहे. कोल्हापुरातला मिस्त्री ही अक्षरे मराठी शब्दाच्या सहजतेने उच्चारतो.

त्याच काळात मुंबईत सिमेंटच्या फरशीला स्वदेशीचा रंग चढला. फेरोजशा आणि रुस्तम सिधवा या पारशी उद्योजकांनी १९२२ मध्ये ‘भारत टाइल्स’ सुरू केली, ती आयात होणाऱ्या फरशांना देशी पर्याय म्हणून. हॉटेले, बंगले, सार्वजनिक इमारती यांच्या जमिनी या उद्योगाने घडवल्या. यंत्राच्या दाबाखाली तयार झालेली एकसारखी फरशी हे एक वेगळेच आश्वासन होते : जमिनीची गुणवत्ता गवंड्याच्या हातातून कारखान्यात नेण्याचे. पुढे भारतीय मानक १२३७ ने ते आश्वासन आकड्यांत बांधले. झिजेच्या चाचणीत साध्या फरशीची सरासरी झीज ३.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि जड वापराच्या फरशीची २ मिलिमीटरपेक्षा. टिकाऊपणाला असे माप मिळाले, आणि त्याबरोबर दोन भावही.

किमतीच्या इतिहासात मात्र चाचणीपेक्षा परवान्याचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ सिमेंट नियंत्रित वस्तू होती. कोटा मिळाला तर एक भाव, नाही मिळाला तर दुसरा. महाराष्ट्रात या टंचाईचे राजकीय पडसाद तर जगजाहीर आहेत : सिमेंटवाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पद सोडले. त्याच वर्षी सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. त्याआधीच्या काळात छोट्या कारखानदाराने कोबा पातळ का ठेवला असेल, याचे उत्तर नेहमी कंजुषीत शोधणे अन्यायाचे होईल. गोणीच मिळत नसेल तर सहा इंचांचे चार इंच होणारच.

आता लोखंडाकडे. कोल्हापूरचा यंत्रोद्योग गुळाच्याच पोटी जन्मला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होत नाही. उसाचे चरक, पाणी उपसणारे पंप, ती चालवणारी ऑइल इंजिने आणि या सर्वांचे सुटे भाग यांची गरज शेतातून आली. शेजारच्या औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली होती आणि नांगर-पंपांच्या उत्पादनाचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. शाहूपुरीपासून हाकेच्या अंतरावर शिवाजी उद्यमनगर वाढले. फाउंड्री, लेथ, पॅटर्नची सुतारकी आणि वेल्डिंग तिथे भिंतीला भिंत लावून नांदू लागले. या वस्तीतली जमीन पाहिली की ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थ दर पन्नास पावलांवर बदलतो.

फाउंड्रीत ओतकाम जिथे चालते, तिथली जमीन मातीची आणि वाळूची असते. बाहेरच्याला ते मागासलेपणाचे लक्षण वाटते. वास्तविक त्यामागे पक्के शास्त्र आहे. ओतीव लोखंडाचा रस तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअसला लाडलमधून साच्यात जातो. त्यातले थोडे सांडतेच. कोबा वरून कोरडा दिसला तरी त्याच्या पोटात ओल असते, आणि एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे लिटरहून अधिक जागा हवी असते. ती जागा कोब्यात नसते. मग पृष्ठभागाचे टवके बंदुकीच्या छर्‍यांसारखे उडतात आणि त्यांच्यासोबत वितळलेले लोखंडही. कोरडी वाळू वाफेला वाट देते, रसाला थांबवते आणि सांडलेला तुकडा दुसऱ्या दिवशी उचलून पुन्हा भट्टीत टाकता येतो. कुपोला भट्टीचा तळ दिवसाअखेर उघडून उरलेला धगधगता ऐवज खाली सोडतात, तोही कोरड्या वाळूवरच. ओतकामाच्या जागेवर चकचकीत जमीन घालणे म्हणजे पैसे देऊन अपघात विकत घेणे आहे. तिथे सर्वांत स्वस्त जमीनच सर्वांत योग्य असते. फुकट मात्र तीही नाही, कारण ती रोज चाळावी, सपाट करावी, कोरडी ठेवावी लागते. त्या धुळीत काम करणाऱ्या मोल्डरच्या फुप्फुसांचा हिशेब तर कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही.

भिंतीपलीकडच्या मशीन शॉपचे दुखणे निराळे. तिथे लेथखाली तेल सांडते, लोखंडाचा कीस पडतो, आणि लोखंडी चाकांच्या हातगाड्या त्याच वाटेने दिवसभर फिरतात. चाक लहान आणि कठीण असले की ओझे नखाएवढ्या जागेवर येते. साधा कोबा अशा वाटेवर आधी पांढरी धूळ सोडतो, मग खड्डा, मग गाडी अडखळते आणि कामगाराच्या पायावर कास्टिंग पडते. यावरचा जुना उपाय म्हणजे ‘आयर्नाइट’ या नावाने ओळखला जाणारा लोहमिश्रित थर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत त्याची कृती नेमकी दिली आहे : खाली ४० मिलिमीटरचा १:२:४ काँक्रीटचा थर, वर १२ मिलिमीटरचा कठीण थर, आणि त्या वरच्या थरात चार भाग सिमेंटला एक भाग धातूचा हार्डनर. एकूण ५२ मिलिमीटर. धातू हवा तो तेलविरहित आणि ठरावीक बारकाव्याचा. लेथखालचा तेलकट कीस गोळा करून कोब्यात कालवण्याची हुशारी गंजाचे डाग आणि पोपडे यांत संपते.

दोन्ही थर एकमेकांना धरतील की नाही, हे ठरते ते तासाभराच्या अंतरावर. खालचा थर पुरता वाळला तर वरचा त्यावर नुसता बसतो, चिकटत नाही. घोटाईचेही तसेच. काँक्रीट पसरल्यावर पाणी वर येते. ते जाईपर्यंत थांबणे हे खऱ्या कारागिराचे काम. घाई असलेला त्यावर कोरड्या सिमेंटचा नीरू भुरभुरतो, पाणी शोषून घेतो आणि लगेच घोटतो. त्या संध्याकाळी जमीन आरशासारखी दिसते. वर्षाच्या आत वरचा पापुद्रा सुटू लागतो. ‘व्यावसायिक काम’ या शब्दप्रयोगाचा बराचसा अर्थ या थांबण्यात आहे. आणि थांबण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक सहसा राजी नसते, कारण त्याला त्या वेळी माणसे नुसती बसलेली दिसतात.

कायदा या बाबतीत काय म्हणत आला? २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ चे ३२ वे कलम जमिनी, पायऱ्या आणि येण्याजाण्याच्या वाटा मजबूत बांधणीच्या व नीट राखलेल्या असाव्यात असे बजावत होते. ११ वे कलम कामाच्या खोलीची जमीन आठवड्यातून किमान एकदा धुण्यास सांगत होते आणि ओल्या होणाऱ्या जमिनीला निचरा हवा म्हणत होते. कलमे चांगली होती. परंतु त्या अधिनियमाच्या मूळ व्याख्येप्रमाणे कारखाना ठरण्यासाठी विजेच्या जोरावर चालणाऱ्या जागेत दहा कामगार लागत. उद्यमनगरातल्या किंवा शाहूपुरीच्या गल्लीतल्या चार लेथ आणि सहा माणसांच्या शेडमध्ये तोच खड्डा कायद्याच्या नजरेतून सुटायचा.

त्या शेडचे आणखी एक वास्तव म्हणजे भाडे. लेथ उचलून दुसरीकडे नेता येतो, कोबा नेता येत नाही. भाडेकरू जमिनीवर खर्च करीत नाही, कारण ती उद्या मालकाची होणार. मालक करीत नाही, कारण आज तिच्यावर भाडेकरू फिरतो. दोघांचेही गणित बरोबर आहे, आणि या दोन बरोबर गणितांच्या मधल्या खड्ड्यातून हातगाडी ढकलणारा तिसराच कोणी असतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत मोठे प्लॉट मिळाले, तसा जमिनीचा आकारही बदलला. आता फोर्कलिफ्ट चालणार होते. इथे ‘ट्रिमिक्स’ आले. हे मूळचे एका स्वीडिश कंपनीचे नाव, जे आपल्याकडे पद्धतीचेच नाव होऊन बसले. काँक्रीट ओतून कंपन देणाऱ्या पट्ट्यांनी सपाट करायचे, वर चटया अंथरून पंपाने जादा पाणी शोषून घ्यायचे, मग यंत्राने घोटायचे. पाणी कमी झाल्याने काँक्रीट दाट आणि कठीण होते. थापी मारणाऱ्यांच्या रांगेची जागा अशा रीतीने एका मोटारीने घेतली.

ट्रिमिक्सच्या खर्चाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. हजार चौरस फुटांची शेड घ्या. सहा इंच जाडी म्हणजे ५०० घनफूट, पाच ब्रास, सुमारे १४ घनमीटर. एकास दीडास तीन या मिश्रणाला घनमीटरमागे आठ गोण्या सिमेंट धरले तर ११३ गोण्या. जाडी चार इंच केली की ७५ गोण्यांत भागते. कोटेशनमध्ये ३८ गोण्यांची, त्या प्रमाणात खडी-वाळूची बचत दिसते. पण वाकण्याला होणारा काँक्रीटचा विरोध जाडीच्या वर्गाने वाढतो. सहा इंचांचा थर चार इंचांच्या तुलनेत सव्वादोन पट ताकदीचा असतो, आणि खर्च मात्र दीडपटच वाढतो. साहित्य वाचवण्याची ही सर्वांत महागडी जागा आहे.

त्याच्याही खाली काय आहे, हा प्रश्न उरतोच. कोल्हापूरच्या परिसरातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. ती खणून मुरूम भरणे, पाणी मारून दाबणे, दगडी सोलिंग करणे, मग पातळ काँक्रीट आणि त्यावर खरी जमीन, असा हा उतरंडीचा प्रकार. खाली गेलेला पैसा कोणाला दिसत नाही, म्हणून दर कमी करायचा झाला की पहिली कुऱ्हाड मुरमावर पडते. वर कितीही महाग थर असो, खाली पोकळी असेल तर फोर्कलिफ्टचे चाक ती शोधून काढतेच. सांधेही तसेच : सहा इंची थराला साधारण साडेतीन ते साडेपाच मीटरवर काप द्यावा लागतो, तोही ओतल्यानंतर लवकरात लवकर. काप दिला नाही तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकते.

शेवटी इपॉक्सी. या रसायनाचा जन्म दाताच्या दवाखान्याच्या आसपासचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान हा रसायनशास्त्रज्ञ कवळीसाठी पदार्थ शोधत होता आणि १९३० च्या दशकात त्याच्या हाती हे राळेसारखे द्रव्य लागले. सिबा कंपनीने ते १९४० च्या दशकात ‘अरल्डाइट’ नावाने बाजारात आणले, जे नाव मराठी घरांतही तुटलेल्या कपाच्या कानाबरोबर पोहोचले. औषध, अन्नप्रक्रिया, सुटे भाग यांच्या कारखान्यांत इपॉक्सीची जमीन आज प्रतिष्ठेचे चिन्ह झाली आहे. न धुळणारी, सांधे नसलेली, तेल न पिणारी, आणि साखरेच्या पाकाला सिमेंटपेक्षा पुष्कळ पटींनी पुरून उरणारी.

कोटेशनांतली तफावत सर्वाधिक इथेच सापडते. तीनशे मायक्रॉनचा लेप आणि तीन मिलिमीटरचा स्वतः सपाट होणारा थर, दोन्हीला बाजारात ‘इपॉक्सी फ्लोअरिंग’ म्हणतात. हजार चौरस फुटांना पहिल्यासाठी सुमारे २८ लिटर द्रव्य पुरते, दुसऱ्यासाठी सुमारे २७९ लिटर. नाव एक, रंग एक, चकाकी एक, आणि साहित्यात दहापटींचा फरक. चौरस फुटाचा भाव विचारणाऱ्याला हा फरक ऐकू येत नाही.

शिवाय शाहूपुरीला पाणी आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत ती पंचावन्न फुटांच्या वर गेली. जयंती नाल्याच्या बाजूने पाणी मागे सरकले आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसह सखल भागांत शिरले. पूर ओसरल्यावर भिंतींवरची रेघ दिसते. जमिनीखालची ओल दिसत नाही, आणि ती महिनोन् महिने वर चढत राहते. साध्या कोब्यातून ती वाफ होऊन निघून जाते. इपॉक्सी तिला वाट देत नाही. मग फोड येतात, फोड फुटतात, आणि चाकांखाली आख्खे पापुद्रे निघतात. पुराने भिजलेल्या कोब्यावर घाईने इपॉक्सी चढवणारा मालक एकाच जमिनीचे पैसे दोनदा मोजतो.

इपॉक्सी चढवण्यापूर्वी जुना कोबा खरवडावा लागतो, आणि हा खर्चाचा असा भाग आहे की तो कमी करता येतो असे वाटते पण येत नाही. तेल प्यायलेला थर काढल्याशिवाय नवा धरत नाही. घासणीच्या यंत्रातून उडणारी धूळ बारीक सिलिकाची असते. सिलिकोसिस कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत, होता. पण घासणारी टोळी त्या कारखान्याची नसते. ती तीन दिवसांसाठी येते, चौथ्या दिवशी दुसऱ्या गावी असते. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा २०२५ पर्यंत दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मागत होता. पाच-सहा जणांची टोळी आणि दर तीन दिवसांनी बदलणारा मालक, यांतून असा दाखला उभा करणे किती जिकिरीचे असते, हे त्या टोळीच्या मुकादमालाच ठाऊक. धूळ ओढून घेणारे यंत्र जोडले तर दर वाढतो. दोन कोटेशनांतला स्वस्त आकडा पुष्कळदा या यंत्राच्या गैरहजेरीचा असतो.

बंद राहण्याचा खर्चही क्वचितच मोजला जातो. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात, आणि तेवढे दिवस गेल्याशिवाय त्यावर इपॉक्सी चढवू नये असा संकेत आहे. इपॉक्सीला पूर्ण मुरायला आणखी आठवडाभर. ऑर्डर हातात असलेल्या शेडला हे पाच आठवडे परवडत नाहीत, म्हणून अर्धी शेड एकदा आणि अर्धी नंतर अशी विभागणी होते; मग मधोमध सांधा येतो, आणि हातगाडीची वाट नेमकी त्या सांध्यावरून जाते.

गुळाचा सौदा शाहूपुरीतून मार्केट यार्डात गेला, जुन्या वखारींत यंत्रांची, हार्डवेअरची दुकाने आली. जमिनी बदलल्या, त्यांना पडणारे प्रश्न फारसे बदलले नाहीत : वर काय सांडणार, चाक कसले, खाली माती कोणती, पाणी कुठून येते, आणि काम चालू असताना किती दिवस थांबता येईल.

ओलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तर काही खर्चही येत नाही. दीड फूट लांब, दीड फूट रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान सोळा तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचलावे. त्याच्या पोटाशी पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा कोबा काळवंडलेला दिसत असेल, तर त्या जमिनीवर अजून काहीही चढवायची वेळ झालेली नाही. शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत ही चाचणी उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा एकदा करावी लागते.